प्राचीन ग्रीक भाषेत सोन्याला काय म्हणत आणि तो शब्द 'हिरण्य'वरून आला आहे का?

सोन्यासाठीचा ग्रीक शब्द 'ख्रुसोस' आहे आणि तो सोन्याच्या 'हिरण्य' या संस्कृत नावावरून आलेला नाही. एवढ्यावर थांबता आले असते, परंतु तो तसा आल्याचा दावा एकदा भर सभेत ऐकावा लागला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

बायबलच्या नव्या कराराच्या अभ्यासासाठी मी ग्रीक शिकलो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) बाळ येशूला सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात, त्यातले सोने म्हणजे हाच 'ख्रुसोस'. आमच्याकडच्या एका व्याख्यानमालेत वक्त्यांनी 'हिरण्य'चे 'ख्रुसोस' झाले असे ठासून सांगितले आणि टाळ्या मिळवल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहून म्हणालो की हा शब्द ग्रीकांनी पश्चिम आशियातील सेमिटिक भाषांकडून घेतला, अक्कादी भाषेत तो 'हुरासु' आणि हिब्रूत 'हारूस' असा आढळतो, आणि ही उसनवारी इतकी जुनी आहे की इसवी सनापूर्वी सुमारे 1200 मधील ग्रीसमधील पायलोस येथील मातीच्या पाट्यांवर, राजवाड्यातील सामानाच्या यादीत, 'कु-रु-सो' असा तो लिहिलेला सापडतो. (या पाट्यांवरची लिनियर बी ही लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये उलगडली.) 'खितोन' हे वस्त्राचे ग्रीक नावही त्याच बाजूने आले, असेही मी जोडले. त्यावर अध्यक्षांनी मला विचारले की आपल्या परंपरेविषयी तुम्हाला एवढा आकस का. रोख माझ्या धर्माकडे होता, हे सभागृहात सर्वांना कळले. मुद्द्यावर मात्र कोणीच बोलले नाही.

वास्तविक 'हिरण्य'चा सख्खा नातेवाईक ग्रीकमध्ये आहेच. तो म्हणजे 'ख्लोरोस', पिवळसर हिरवा. क्लोरीन वायूचे नाव त्यावरूनच पडले आणि आपले 'हरि', 'हरित' त्याच धातुकुळातले. एवढे खरे नाते समोर असताना खोटे कशाला जुळवायचे?

वापराविषयी थोडक्यात सांगतो. होमर आफ्रोदितेला 'सोनेरी' म्हणतो, कारण देवांचे जे जे असते ते या विशेषणाने सजते. 'ख्रुसिओन' हे त्याचे दुसरे रूप घडवलेल्या सोन्यासाठी किंवा नाण्यांसाठी येते. अथेन्समधील, शिल्पकार फिडियासने घडवलेल्या अथेना देवीच्या मूर्तीवरचे सोने काढता येण्याजोगे होते आणि त्याचे वजन 40 टॅलेंट (ग्रीकांचे वजनाचे माप) होते, असे इतिहासकार थुसिडिडीस अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या तोंडून सांगतो. म्हणजे देवीचा साज हा युद्धकाळासाठीचा राखीव खजिनाही होता. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथून भडोचला माल जात असल्याची नोंद आहे, आणि भडोचला सोन्याचांदीचे दिनार आणले जात असत हे सांगताना तिथेही हाच शब्द विशेषण म्हणून येतो.

'ख्रुसोस' आणि 'ख्रुसिओन' यांतला भेद सर्व लेखक काटेकोरपणे पाळत नाहीत, हे लक्षात असू द्या. शिवाय त्या वक्त्यांच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की संस्कृत 'ह'च्या जागी ग्रीकमध्ये अनेकदा 'ख' येतो, 'हेमन्त' आणि 'खेइमोन' हे त्याचे उदाहरण. परंतु पुढच्या 'ण्य'चे 'स' कोणत्या नियमाने झाले, हे त्यांना विचारा. वारशाने आलेल्या ग्रीक शब्दांत दोन स्वरांमधला मूळ 'स' सहसा टिकतच नाही, आणि 'ख्रुसोस'मध्ये तो ठळकपणे उभा आहे.