टर्बोवर आळ, चोर दुसराच: जुन्या डिझेल स्विफ्टबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच इंजिनाचे निघाले: फियाटचं 1.3 लिटर मल्टिजेट, 1248 सीसी. स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये ते डीडीआयएस नावाने, इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न (सातारा): 2014 ची स्विफ्ट व्हीडीआय बघितली आहे. मीटरवर 48,000 किमी. मालक म्हणतो, टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे खर्चच नाही. काय तपासू?

आधी मीटर. डिझेल गाडी लोक चालवायलाच घेतात. दहाहून जास्त वर्षांत 48,000 अशक्य नाही, पण क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत असेल तर आकडा खोटा समजा. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मालकाकडून मागून घ्या.

इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या या चेनबद्दल मालक अर्धंच सांगतोय. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं नाही की तो ढिला पडतो आणि चेन वाढते. पुढे ती एखादा दात सोडून उडाली तर रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

त्यामुळे गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने ती तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे, परत जा. थंड इंजिन स्टार्ट करताना टायमिंग कव्हरच्या बाजूला उभे राहा. पहिले दोन-तीन सेकंद डब्यात साखळी हलवल्यासारखा खळखळाट आला तर चेन किटचा खर्च किमतीतून वजा करा. किट म्हणजे चेन, टेन्शनर, गाईड आणि स्प्रॉकेट, सगळं एकदम. नुसती चेन बदलून भागत नाही.

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. हलकी वाफ चालेल. धकधक करत धूर बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. झाकणाच्या आत पांढरट साय असेल तर इंजिनात पाणी शिरतंय का, ते बघून घ्या. मग इंजिन बंद करून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून पुन्हा घाला: पातळी कमाल खुणेच्या वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर गळतोय.

या इंजिनात ऑइल जेमतेम 3 लिटर मावतं. एक लिटर कमी झालं की तिसरा हिस्सा गेला, हे गाडी घेतल्यावरही लक्षात असू द्या.

प्रश्न (नांदेड): घाटात पिकअप जातो, मागे काळा धूर. फिटर म्हणतो टर्बो बदला. बदलू का?

लगेच नको. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. ती कुठे अडते किंवा गळते ते स्वस्तापासून महागाकडे शोधायचं.

एअर फिल्टर काढून बघा. नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इनटेकपर्यंतचे होज पाईप. या गाडीत खरा चोर बहुतेक वेळा इथेच सापडतो. क्लॅम्पजवळ तेलकट, धूळ चिकटलेली रेघ दिसते का पाहा. रबराची चीर गाडी उभी असताना मिटलेली असते आणि दाब आला की उघडते, म्हणून पाईप काढून हाताने वाकवून बघावा लागतो. इंजिन गरम असताना तिसऱ्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमवरून पूर्ण रेस द्या. बोनेटखालून फुस्स ऐकू आलं तर निदान झालं.

होज ठीक असेल तर इनटेकवरचा मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) काढा. त्यावर काजळीचा थर बसतो. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप. तो साफ करून नवं गॅस्केट घाला. ‘पत्रा लावून बंद करून टाका’ हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. ऐकू नका, ती प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेशी छेडछाड आहे.

सगळ्यात शेवटी टर्बो. इनलेट पाईप काढून कॉम्प्रेसर चाकाचा नट चिमटीत धरा. आडवं किंचित हलणं चालतं. पुढे-मागे सरकणं जाणवलं, किंवा पात्यांची टोकं हाउसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर फिटर बरोबर आहे.

आणि 1,800-2,000 आरपीएमच्या खाली ही गाडी आळशी वाटणारच. 75 पीएस ताकदीच्या मॉडेलचा टर्बो साधा आहे, कमी आरपीएमला हवा भरत नाही. घाटात गिअर लवकर कमी करा. एर्टिगा आणि सियाझमधल्या 90 पीएस इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे टर्बोत हलणाऱ्या पात्या असतात आणि त्या व्हॅक्यूमवर चालतात. चढावर अचानक ताकद जाते आणि चावी बंद-चालू केली की परत येते, असं झालं तर व्हॅक्यूमची बारीक नळी आणि काजळीने अडकलेल्या पात्या तपासा.

प्रश्न (कोल्हापूर): नवा टर्बो बसवला, पाच महिन्यांत पुन्हा गेला. पार्ट डुप्लिकेट असेल का?

असेलही. पण पहिला टर्बो ज्या कारणाने गेला ते कारण गाडीत तसंच राहिलं, याचीच शक्यता जास्त. टर्बोला ऑइल देणारी नळी बारीक असते आणि आतून कार्बनने भरते. ती नळी आणि तिचा पोकळ बोल्ट नवा घालायचा, ऑइल परत सोडणारा पाईप साफ करायचा, ऑइल आणि फिल्टर बदलायचं, इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल काढून टाकायचं. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवायचं आणि सुरुवातीची काही मिनिटं रेस न देता चालू ठेवायचं. कोरडा फिरलेला टर्बो पहिल्याच मिनिटात मार खातो.

प्रश्न (मडगाव): इंजिनातून ‘चफ चफ’ आवाज, केबिनमध्ये धुराचा वास.

इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळतोय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसेल. नवा वॉशर घालण्याआधी बसायची जागा कटरने साफ करून घ्या, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. काम टाळलं तर इंजेक्टर हेडमध्ये असा अडकतो की काढायलाच दिवस जातो. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरून घ्या. इंजिन चालू असताना रेलच्या (इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) पाईपचा नट कुणालाही ढिला करू देऊ नका. आतला दाब हजार बारच्याही वर जातो. ती धार कातडीत घुसते.

प्रश्न (नाशिक): ऑइल कोणतं? बंद करण्याआधी इंजिन चालू ठेवावं का?

मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, सहसा 5डब्ल्यू-30. ‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला’ म्हणून 20डब्ल्यू-40 ओततात. ते थंडीत टेन्शनर आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि त्याच काही सेकंदांत झीज होते. 10,000 किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदला. गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर 7,500 ला. हायवेवरून किंवा घाट चढून थेट थांबलात तर अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवा. भाजी घेऊन घरी आलात तर गरज नाही.

प्रश्न (लातूर): दिल्लीची गाडी 70 हजारांनी स्वस्त मिळते आहे.

दहा वर्षांवरच्या डिझेलवर तिकडे निर्बंध आल्यापासून अशा गाड्या इकडे येतात. एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका. इथला रोड टॅक्स आणि पुन्हा नोंदणीचा खर्च आरटीओतून विचारून त्या 70 हजारांतून वजा करा. चेन किट लागणार असेल तर तेही.