अपघात ‘आठवला’, पण तो खरा धरायचा का?

“हे रोज नवीनच काहीतरी सांगतात. खोटं बोलतायत का हो, मॅडम?” माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या, शिरोली एमआयडीसीतल्या एका कामगाराच्या बायकोचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रात्रपाळी करून परतताना हायवेवर मोटारसायकलचा अपघात झाला, डोक्याला जबर मार बसला. सुरुवातीला “काहीच आठवत नाही” म्हणणारा हा माणूस महिन्याभरानं ठासून सांगू लागला, “डंपरनं मागनं ठोकलं, मी बघितलं.” भाऊ म्हणतो, आठवलंय तर पोलिसांत जबाब देऊन टाक, क्लेमला उपयोग होईल.

हे खोटं बोलणं नव्हे. पण जबाबात घालण्याजोगंही नाही. मागून आलेला डंपर दिसला कसा, हे तर सोडाच!

आधीचे क्षण मेंदूत पक्के साठण्याच्या आतच मार बसतो. विसरलेला काळ पुढं आकसत जातो, पण अगदी शेवटची मिनिटं बहुतेकांना परत मिळत नाहीत. त्यामुळं आदल्या आठवड्यातलं आठवू लागलं तर नवल नाही. नेमका धडकेचाच क्षण लख्ख दिसू लागला तर शंका घ्यावी. इथं भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा डंपरचीच गोष्ट सांगत होता, फोटोही दाखवत होता. ऐकलेलं आणि अनुभवलेलं यांतला फरक जखमी मेंदूला करता येतोच असं नाही.

म्हणून “डंपरच होता ना?” असं कधीच विचारू नये. विचारावं ते असं: अपघाताआधीचं शेवटचं काय आठवतं? नंतरचं पहिलं काय? आणि सलग कधीपासून? त्याचं शेवटचं आठवणं होतं कंपनीचं गेट. पहिलं, आईनं भरवलेली पेज. सलग आठवतं ते सहाव्या दिवसापासून. मधल्या काळात तो पाहुण्यांशी नावानिशी बोलत होता, तरी त्यातलं काहीच उरलं नाही. अपघातापासून सलग आठवू लागेपर्यंतची ही पोकळी २४ तासांपेक्षा जास्त असली तर इजा गंभीर धरतात. मात्र झोपेची औषधं चालू असतील तर हा हिशेब चुकतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत हवंच.

डोकेदुखी, चक्कर याबद्दल पेशंट सांगतो ते सहसा धरून चालावं. चिडचिड, विसरभोळेपणा याबद्दल मात्र घरच्यांना वेगळं बसवून विचारावं, कारण स्वतःतला बदल कित्येकांना जाणवतच नाही. घरच्यांचंही सगळं खरं नसतं. “आधी कध्धी विसरायचे नाहीत” हे वाक्य जरा सावधपणेच ऐकावं.

वहीत प्रत्येक आठवणीपुढं तारीख आणि ‘स्वतः आठवलं’, ‘कुणी सांगितलं’ किंवा ‘फोटोत पाहिलं’ असं लिहायला सांगितलं. पेशंटशी वाद घालायचा नाही, होला होही करायचं नाही. जबाबात “गेटपर्यंत आठवतं, पुढचं आठवत नाही, डंपरचं घरच्यांकडून ऐकलं” एवढंच. आणि काही आठवड्यांनीसुद्धा गोंधळ, झोपाळूपणा किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर समुपदेशनाची तारीख बघत बसू नये. आत हळूहळू रक्त साठत असू शकतं, थेट न्यूरोसर्जनकडं न्यावं.