म्हाताऱ्या मांजराची शी-शू

सगळ्यात आधी एक सांगते. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि शू थेंबभरच होतेय किंवा होतच नाही, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. हे बद्धकोष्ठतेसारखंच दिसतं. मीही एकदा फसले होते.

उलट वाळूत शूमुळे होणारे गोळे मोठे व्हायला लागले आणि पाणी पिणं वाढलं, तर मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड यांची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडं थकली की शरीरातलं पाणी कमी होतं, मग शी खडा होते. दोन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याचदा एकच. म्हणून ओलं खाणं द्या. त्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, कोरड्यात जेमतेम दहा टक्के. बदल मात्र ७ ते १० दिवसांत, हळूहळू.

ट्रेची कड बुटकी हवी, सांधे दुखत असतात बिचाऱ्यांचे. दूध नको. पॅरासिटामॉल तर कणभरही नाही, विषच ते. आणि दिवसभर काही खाल्लं नाही, तर डॉक्टरांना फोन कराच. उपाशी मांजराचं यकृत बिघडतं.