अटलांटिकमधला गुलामांचा व्यापार कसा सुरू झाला? आणि तो इंग्रजांनी दयेपोटी बंद केला, हे खरं का?

खरा वाद दुसऱ्या प्रश्नावर आहे, पण पहिल्याशिवाय तो कळणार नाही.

हे सगळं मुख्यतः साखरेपायी. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोस बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची उघड विक्री झाली. पुढे मदेइरा आणि साओ तोमे बेटांवर गुलामांकडून उसाचे मळे पिकवायची रीत बसली, आणि तीच ब्राझील अन् कॅरिबियन बेटांवर गेली. तिथले मूळ रहिवासी देवीच्या साथींनी आणि वेठबिगारीने संपत आले होते. आफ्रिकेतले काही राजे-व्यापारीही कैदी विकत. बदल्यात त्यांना बंदुका, दारू आणि चक्क हिंदुस्थानी सुती कापड मिळे. एकूण सुमारे १.२५ कोटी माणसं जहाजांत कोंडली गेली, त्यातली जवळपास १.०७ कोटीच जिवंत उतरली. आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका येते, पण तिथे थेट गेले ते चार लाखांहून कमी. सर्वांत जास्त ब्राझीलला गेले.

आता दयेचं. १७८१ मध्ये गुलाम नेणाऱ्या 'झाँग' या इंग्रजी जहाजावरून १३० हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी त्यांचा विमा मागितला! लंडनच्या कोर्टात भांडण झालं ते विम्याच्या पैशांवर, खुनाचा खटला कुणावरच चालला नाही. अशा प्रकरणांनी लोक पेटले. १७९२ साली संसदेकडे ५१९ अर्ज गेले, हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. म्हणजे कळवळा खोटा नव्हता. 'धंदा तोट्यात आला म्हणून सोडला' हेही मला पटत नाही, १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने या व्यापारावर बंदी घातली, तेव्हा त्यात भरपूर पैसा होता. पण शाळेच्या पुस्तकांत या बंदीसाठी संसदेत झगडलेला खासदार विल्बरफोर्स असतो आणि हैती, म्हणजे कॅरिबियनमधली तेव्हाची फ्रेंच वसाहत, नसतं, हे मात्र खटकतं. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनीच उठाव केला, नेपोलियनची फौज हरवली आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. मळेवाल्यांना धडकी भरली ती त्याने.

शिवाय १८०७ ने व्यापार थांबलाच नाही. ब्राझीलकडे १८५० पर्यंत जहाजं जात राहिली, क्यूबाकडे १८६० च्या दशकापर्यंत. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने उठली, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना छदामही नाही. मळ्यांना मजूर तर हवेच होते. मग करारावर हिंदुस्थानी माणसं नेली गेली, मॉरिशसला कोकणातलीसुद्धा.