वालाचा वेल कापू नका, थोडं थांबा

पाऊस गेला, ऑक्टोबर हीट पण आता उतरायला लागलीय, आणि पहाटे उठून पंखा दोनवर करावा लागतो एवढी तरी हवा नक्की बदललीय. दरवर्षी याच सुमाराला तुमची पत्रं वाढतात आणि यावेळी तर जवळजवळ सगळीच कुंडीतल्या भाज्यांबद्दल आहेत, म्हणून हा अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय.

प्रश्न : आईकडून आणलेलं गावठी वालपापडीचं बी जूनमध्ये मोठ्या ड्रममध्ये लावलं. वेल ग्रिलवरून वरच्या मजल्यापर्यंत गेला, पानं तळहाताएवढी झाली, पण इतक्या महिन्यांत एक फूल नाही. खत पण भरपूर घातलं. मिस्टर म्हणतात कापून टाक, वरच्या वहिनी पण कुरकुर करतात. खरंच कापू का? – मुलुंडहून एक ताई

उत्तर : ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलंय कारण कात्री चालायच्या आत उत्तर पोचायला हवं. वेल कापू नका! त्याला काहीही झालेलं नाही, तो दिवस लहान व्हायची वाट बघत होता. जूनमध्ये आपल्या मुंबईत दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो, गावठी वालाला रात्र मोठी झाल्याशिवाय फूल येतच नाही, मग तुम्ही त्याला जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये. जूनमध्ये लावला म्हणून मधले सगळे महिने तो नुसता वाढत बसला, आणि तुम्ही खत घातलंत त्याची पानंच झाली.

आता एक काम करा, उद्या सकाळी उजेडात शेंड्याकडची पानं बाजूला करून बेचक्यात बघा. पान आणि दांडी जिथे मिळतात तिथून एक सरळ हिरवी काडी वर येताना दिसेल आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्याएवढे कळे ओळीने चिकटलेले असतील. तेच तुमचे तुरे. आत्ता नाही दिसले तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दिसतील. वेलाच्या अगदी तोंडाशी जिन्यातली ट्यूब रात्रभर जळत असेल तर मात्र तेवढी बंद करता येते का बघा, कारण उजेडामुळे त्याची रात्र मोडते आणि फुलं लांबतात.

शेणखत, गांडूळखत आता थांबवा, मूठभर लाकडाची राख मुळाभोवती टाका आणि माती हलवून पाणी द्या. वरच्या वहिनींकडे गेलेले शेंडे खुडलेत तर चालेल, त्याने बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेजार पण सांभाळला जातो. पहिली पापडी उतरली की त्यांना वाटीभर द्या.

एकच लक्ष ठेवा, वालावर मावा हमखास येतो. काळे बारीक किडे कोवळ्या शेंड्याला असे चिकटतात की दांडी दिसत नाही, आणि त्याच्या आधी मुंग्या यायला लागतात, म्हणजे वेलावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा, तरी राहिला तर लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, तेही संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर.

पुढच्या वर्षी बी सप्टेंबरात लावा म्हणजे एवढं जंगल होणार नाही. रायगडकडे तर भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावरच कडवे वाल टाकतात, पाणीसुद्धा देत नाहीत, आणि रोप वीतभर झालं की फुलायला लागतं कारण तोवर दिवस लहान झालेलेच असतात. त्याच शेंगांची मग डिसेंबर-जानेवारीत भांबुर्डा नावाच्या रानवनस्पतीचा पाला घालून मडक्यात पोपटी लागते, म्हणजे शेंगा मडक्यातच भाजतात.

प्रश्न : ऑफिसमधून यायला रात्रीचे आठ, हातात फक्त शनिवार-रविवार. बाल्कनी दक्षिणेची. पावसाळ्यात ऊनच नव्हतं म्हणून सगळं काढून टाकलं, कुंड्या रिकाम्या पडल्यात. भोगीच्या भाजीत निदान थोडं तरी घरचं असावं अशी इच्छा आहे. उशीर झाला का? – कांदिवलीहून एक वाचक

उत्तर : उशीर झालेला नाही, आणि तुमच्याकडे या दिवसांतली सगळ्यात चांगली बाल्कनी आहे. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा ऊन येत नाही. आता तो दक्षिणेकडून जातोय, डिसेंबरात तर भर दुपारी पण अर्ध्या आभाळापर्यंतच चढतो, त्यामुळे तुमच्याकडे ऊन बाल्कनी ओलांडून पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत यायला हवं.

भोगी बहुतेक १३ जानेवारीला येते. तिथून उलटं मोजा. नोव्हेंबरचा पहिला शनिवार धरला तर साधारण दहा वीकेंड हातात आहेत, आणि मुंबईत भाजीचा खरा सीझन म्हणाल तर तो एवढाच, फेब्रुवारी संपता संपता पुन्हा ऊन लागायला लागतं. म्हणून बियांपासून टोमॅटो-वांगी करायचा हट्ट यंदा सोडा, नर्सरीतून वीतभर उंचीची रोपं आणा, ती लावल्यापासून साठ-सत्तर दिवसांत फळ देतात. टोमॅटोला तर हीच हवा लागते, रात्र गार झाल्याशिवाय त्याचं फूल नीट धरत नाही, नुसतं गळतं, हे एप्रिलमध्ये लावून बघितलेल्या सगळ्यांना माहितीय.

पहिला वीकेंड फक्त मातीला द्या, प्लीज, हे टाळू नका. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, त्यात कुंडीतलं खत सगळं वाहून जातं आणि माती विटेसारखी बसते. कुंडी पालथी करा, ढेकळं फोडून माती जुन्या चादरीवर पसरा, दोन-तीन दिवस ऊन खाऊ दे. मागे आमच्याकडे अशीच एक कुंडी पालथी केली तर मुळांचा अख्खा गठ्ठा कुंडीच्याच आकारात बाहेर आला आणि तळाचं भोक चिखलाने गच्च बंद, त्यातलं मिरचीचं झाड का मेलं ते तेव्हा कळलं, आम्ही आपले पाणी कमी पडतंय म्हणून रोज तांब्याभर ओतत होतो. तर भोक मोकळं करून त्यावर खापरी ठेवा, मग जुनी माती, गांडूळखत, कोकोपीट सारखं सारखं घ्या आणि कुंडीमागे मूठभर नीम पेंड.

दुसऱ्या वीकेंडला लावणी. टोमॅटो, वांगी प्रत्येकी बारा इंची कुंडीत एकेकच रोप, दोन लावायचा मोह होतो पण नको. रोप संध्याकाळी लावा आणि पहिले तीन-चार दिवस जरा सावलीत ठेवा. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत येतो, पालक महिन्याभरात. मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके कोणी ना कोणी देतं, स्वच्छ धुवून खाली भोकं पाडली की पालेभाजीला त्यासारखं दुसरं काही नाही. मेथी एकदम टाकू नका, दर शनिवारी एक पट्टा टाका म्हणजे दर आठवड्याला एक जुडी निघत राहील. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करून टाका, आठ-दहा दिवस काही दिसत नाही, तोवर उकरून बघायचं नाही. गाजरं लावलीत तर भोगीला बोटाएवढी मिळतील, पण त्या भाजीला तेवढी पुरतात. आणि एका कुंडीत हरभरा टाकाच, घाटे भोगीपर्यंत भरतील न भरतील पण महिन्याभरात कोवळे शेंडे खुडून भाजी नक्की होते. मटाराच्या फंदात मात्र पडू नका, आपल्या हिवाळ्यात पण दुपारी तीस-बत्तीस डिग्री असतं, चार शेंगांसाठी जागा अडते.

पाणी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी, एकदाच, तेही बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. पानांवर बांधकामाची धूळ बसते ती रविवारी धुवून टाका, डिसेंबरात वारा पडला की ती फारच साचते.

प्रश्न : आमची गॅलरी उत्तरेला आहे. थंडीत काहीच होणार नाही का? – परळ

उत्तर : फळभाज्या नाही होणार, फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडे थेट ऊन येणारच नाही. पुदिना, पानओवा, आणि लसणाच्या पाकळ्या खोचून त्याची पात, एवढं छान होतं. लसणाचा गड्डा आपल्याकडच्या थंडीत नीट धरत नाही, पण पातीची चटणी भाकरीबरोबर काय लागते! सोसायटीची गच्ची मागायची असेल तर वॉटरप्रूफिंगचा विषय आधी तुम्हीच काढा, कुंड्या स्टँडवर ठेवू आणि खाली ट्रे ठेवू असं लिहून द्या.

प्रश्न : मुलगा-सून टोरंटोला असतात. सून बागेत फार रमते पण तिकडे आता सगळं बंद करायचं चाललंय, लसूण लावला, वाफ्यांवर पानं पसरली, पाइपातलं पाणी काढून टाकलं, म्हणते आता मेपर्यंत फक्त बियांचे कॅटलॉग बघायचे. मी रिटायर्ड माणूस, गच्चीवर वीस कुंड्या आहेत. आपणही बागेला विश्रांती द्यावी का? शिवाय डिसेंबरात आठ दिवस गावी जायचंय. – दादरहून एक काका

उत्तर : काका, तिकडे जमीन गोठते म्हणून सूनबाईंना थांबावं लागतं, त्यांचा लसूण थंडी खाऊन जुलैत निघतो. आपली विश्रांती जून-जुलैत होऊन गेली, आता तुमचे कामाचे दिवस. पण त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्या, वही. काय कधी लावलं, कधी उगवलं, ऊन कुठल्या कोपऱ्यात किती वाजेपर्यंत होतं, रोज दोन ओळी. तुमच्याकडे सकाळचा वेळ आहे, पानं उलटी करून बघा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण खालच्या बाजूला असतात आणि सुरुवातीला दिसले तर ओल्या फडक्याने पुसून निघतात, आठ दिवसांनी दिसले तर झाड जातं.

पावसाळी भेंडी, चवळीच्या चार शेंगा झाडावरच वाळू द्या. हलवल्यावर आतलं बी खुळखुळायला लागलं की काढा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर राख घालून ठेवा, वर नाव आणि तारीख. तारीख नसलेल्या पुड्या पुढच्या जूनमध्ये फार छळतात.

गावी जाताना कुंड्या एकमेकींना चिकटून भिंतीच्या सावलीत आणा, वर नारळाची सोडणं किंवा सुकी पानं पसरा, आणि मधोमध पाण्याची बादली थोडी उंचावर ठेवून जाड सुती दोरी बादलीतून एकेका कुंडीत सोडा. जायच्या आधी दोन दिवस लावून बघा, कुठली दोरी ओढते आणि कुठली नाही ते कळतं. आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला राणीच्या बागेत पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, त्यात भाज्या पण असतात, वही घेऊन एक सकाळ तिथे काढाच.

प्रश्न : बाजारात बोटभर उंचीची बारीक मेथी मिळते, समुद्र मेथी म्हणतात, ती घरी होते का? – गिरगाव

उत्तर : होते, आणि दहा दिवसांत होते. वाळू नदीची घ्या, चौपाटीवरची आणू नका, तिच्यात मीठ असतं. वाळू धुवून भोकं पाडलेल्या पसरट ट्रेमध्ये तीन बोटं भरा, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे एकमेकांना चिकटतील इतके दाट पसरा, वर वाळूचा पातळ थर आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, ओतू नका नाहीतर दाणे एका कोपऱ्यात जमतात. चार पानं दिसली की मुळासकट उपटा. पानं-देठ सगळं चिरून, कांदा आणि ओलं खोबरं घालून करायची, पण आधी मुळं कापून पाच पाण्यातून काढा, आणि पाचव्या पाण्यात पातेल्याच्या तळाला बोट फिरवून बघा, खरखर लागली तर अजून एकदा.