वाटाड्या व्हायचंय म्हणतेस

मुलुंड, मुंबई

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या आधी तुझ्या बाबांचा फोन आला. 'तुम्हीच तिला चार शब्द सांगा,' म्हणाले. सांगतो, पण त्यांना हवे आहेत ते हे शब्द नव्हेत. गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सच्या शेवटच्या शर्यतीत तू पहिली आलीस, त्याचा मला आनंद आहे. पवईची नोकरी सोडून स्कीइंगच्या स्पर्धाही खेळायच्या आणि डोंगरातली गाइडही व्हायचं, असं तू लिहितेस. 'दोन्ही एकच तर आहे ना काका?' या प्रश्नाशी मात्र मी दोन दिवस अडून बसलो आहे.

एका माणसाने ही दोन्ही कामं केली. ऑटो फुरर. स्वित्झर्लंडमधलं झरमॅट हे त्याचं गाव, म्हणजे मॅटरहॉर्न या शिखराचा पायथाच. जन्म 1903 चा. पेशाने गिर्यारोहणाचा गाइड आणि 1932 मध्ये इटलीतल्या कोर्तिना इथे अल्पाइन स्कीइंगचा, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्कीवर उतरण्याच्या शर्यतींचा, जगज्जेता. आता गंमत बघ. त्या स्पर्धेत उतारावरची सरळ शर्यत, म्हणजे डाउनहिल, गुस्ताव लान्टशनर जिंकला. झेंड्यांमधून वळणं घेत उतरायची स्लॅलम फ्रीडल डॉयबर जिंकला. फुरर दोन्हींत पहिला नव्हता, पण दोन्हींची मिळून जी कंबाइंड स्पर्धा होती, तिचं सुवर्ण त्याला मिळालं. आपल्याकडे याला कुणी विजेता म्हटलं असतं का, कोण जाणे! मला तो निकाल वाचल्यापासून आवडतो, कारण त्यात मला गाइड दिसतो. एका दिवशी झळकायचं आणि दुसऱ्या दिवशी आपटायचं, हे स्पर्धकाला एक वेळ परवडतं, पण गाइडाला दोन्ही दिवस सारखंच उभं राहावं लागतं.

स्लॅलमचंही तसंच आहे. आजच्या पद्धतीची स्लॅलम आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थाने 1922 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला सुरू केली. झाडीच्या उतारावरून जाताना माणसाला वळता येतं का, हे तपासायची ती कसोटी होती. ते झेंडे म्हणजे झाडंच. तू पत्रात 'स्लॅलम बोअर होते, डाउनहिलमध्ये मजा आहे' असं लिहिलं आहेस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

जाता जाता आणखी एक. फुररने आर्लबर्ग-कंदाहार ही नावाजलेली शर्यतही जिंकली होती. आल्प्समध्ये कंदाहार कुठून आलं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. 1880 च्या जुलैमध्ये अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेचा मोठा पराभव झाला. त्या फौजेत बॉम्बे ग्रेनेडियर्स होते, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याची पलटण. मग जनरल रॉबर्ट्स सुमारे 10,000 सैनिक घेऊन काबूलहून कंदाहारवर चालून गेला आणि पुढे लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार झाला. हा कानपूरला जन्मलेला म्हातारा सेनापती. त्याच्या नावाच्या चषकासाठी 1911 मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंटानामध्ये स्कीची शर्यत झाली आणि त्या नावाची परंपरा पुढे आर्लबर्गच्या शर्यतीपर्यंत आली. मुंबईच्या पलटणीची हार कुठे आणि झरमॅटच्या गाइडाचं बक्षीस कुठे! याचा तुला काही उपयोग नाही, पण मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

तर 'दोन्ही एकच' का नाही? स्कीपटू खाली सगळ्यात आधी पोचला की त्याचं काम झालं. गाइड चढताना पुढे असतो आणि उतरताना बहुतेक वेळा सगळ्यात मागे असतो, कारण वरून दोर धरायचा असतो. डोंगर तोच, उतारही तोच, पण एकाची घाई दुसऱ्याच्या कामात चालत नाही. फुररने ही सवय अंगातून कशी काढली असेल, याचं मला कुतूहल आहे. माझ्या अंगातून ती सुखासुखी गेली नाही.

मी बँकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. हरिश्चंद्रगडावरून नळीच्या वाटेने बेलपाड्याला उतरत होतो. आम्ही अठरा जण होतो आणि पुढारी मी. ती नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, तू पाहिली आहेस. घसारा, मोठाले धोंडे, पाय टाकला की दगड निघतो. मला घसाऱ्यावरून पळत उतरायची खुमखुमी होती. तुझ्या स्कीइंगची ती आमच्या काळातली गरीब बहीण. खाली ओढ्याशी पोचलो, घड्याळ बघितलं, खूश झालो आणि मग डोकी मोजली. सतरा. गुडघा दुखावलेले एक मास्तर मध्येच कुठेतरी बसले होते. बॅटरीचा उजेड नाही आणि अंधार पडलेला. बेलपाड्यातले एक वाटाडे बाबा काही न बोलता वर गेले आणि मध्यरात्र उलटल्यावर मास्तरांना घेऊन आले. येताना मी बघितलं, मास्तर पुढे आणि बाबा मागे. मास्तर थांबले की बाबाही थांबत होते. त्यांनी मला दोष दिला नाही, फक्त तंबाखू मागितली. माझ्याकडे नव्हती. तेव्हापासून मी खात नसतानाही सॅकमध्ये एक पुडी ठेवतो.

1865 साली मॅटरहॉर्नवर पहिली चढाई झाली, तीही बघ. 14 जुलैला सात जण माथ्यावर पोचले. उतरताना मिशेल क्रोझ हा त्यांच्यातला सर्वांत तगडा गाइड पुढे होता, कारण हॅडो नावाच्या एकोणीस वर्षांच्या नवख्या मुलाचे पाय त्याला हाताने धरून खाचेत ठेवावे लागत होते. हॅडो घसरला, क्रोझवर आदळला, मागचे दोघे ओढले गेले आणि त्यांच्या मागे दोर तुटला. चौघे गेले. तुटलेला तो दोर त्यांच्याकडच्या दोरांपैकी सगळ्यात कमजोर होता. तो तुकडा झरमॅटच्या संग्रहालयात आहे. फुरर अशा गावात वाढला आणि 1951 च्या जुलैमध्ये त्याच मॅटरहॉर्नवर पडून गेला. वय सत्तेचाळीस. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. जगज्जेता असणं तिथे कामी येत नाही, एवढं माहीत असू दे. दोर स्वतः तपासायचा. संस्थेचा असो, मित्राचा असो, माझा असो. 'कालच वापरला होता' हे वाक्य कुणी म्हणालं तर दोनदा तपासायचा.

पैशाचं थोडक्यात. 1936 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंग पहिल्यांदा आलं, तेव्हा स्कीइंग शिकवून पैसे घेणाऱ्यांना व्यावसायिक ठरवून बाहेर ठेवलं. म्हणून स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या पुरुष स्कीपटूंनी बहिष्कार टाकला. शिकवून पोट भरणं कमीपणाचं आहे, असं तुला कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. आपल्याकडचे ट्रेकचे निम्मे लीडर 'आवडीसाठी करतो' म्हणत फुकट राबतात आणि मग थकून सोडतात. गावातल्या वाटाड्याचे पैसे मात्र कधी घासाघीस करून कमी करू नकोस.

नोकरी एवढ्यात सोडू नकोस, आणि हे तुझ्या बाबांसाठी लिहिलेलं नाही. आधी उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स कर, मग ॲडव्हान्स, मग शिकवण्याची पद्धत शिकवतात तो कोर्स. आल्प्समधल्या चार देशांच्या गाइडांनी 1965 मध्ये आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिच्या गाइडाला कातळ, बर्फ आणि स्की तिन्ही यावं लागतं. तुझी स्की पुढे आहे, कातळ कच्चा आहे. दिवाळीनंतर दर रविवारी कातळ चढायला मुंब्र्याला ये. पाय कसे ठेवतेस ते मला बघायचंय.

त्याआधी एक काम. येत्या शनिवारी चौदा नवखी माणसं घेऊन रतनगडला चाललो आहोत. रतनवाडीच्या शिड्यांनी चढायचं, त्र्यंबक दरवाज्यातून साम्रदला उतरायचं. रात्रीची कसारा लोकल पकड, मी ठाण्याला चढतो. मोजे दोन जोड, बॅटरी डोक्याला बांधायची, आणि बिस्किटं स्वतःपुरती आणू नकोस. त्यात एक काकू आहेत, साठीच्या, पहिल्यांदाच येतायत. उतरताना त्या पुढे असतील आणि तू त्यांच्या मागे.

तुझा,
काका