मागच्या वादळाच्या भरवशावर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

"आजोबा, तुम्ही एवढी वादळं काढलीत, मग आम्ही घर कशाला सोडायचं?" हे तुझं वाक्य वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

पहिलं मोठं वादळ आलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. भिंतीला हात लावला की तिची थरथर कळायची. मध्यरात्रीनंतर वारा अचानक पडला, पाऊस थांबला, वर चांदण्या दिसल्या. सुटलो, असं सगळ्यांना वाटलं. काका दोर घेऊन छप्पर बांधायला शिडीवर चढले. वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधोमधचा शांत भाग, आमच्यावरून सरकतोय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हा डोळा बहुधा ३० ते ६० किलोमीटर रुंद असतो, आणि सगळ्यांत जोरकस वारा असतो तो त्याच्या कडेला. ती कड आली. वारा आता उलट्या दिशेनं वाहत होता. इतका वेळ आडोशाला असलेली बाजू त्याच्या तोंडी आली. काका वाचले, पण पाय कायमचा अधू झाला.

त्यातून मी एवढंच घेतलं, की वादळ म्हणजे वारा. दारं भक्कम हवीत आणि शेवटपर्यंत आत बसून राहायचं. पुढे हेच जिवावर बेतलं.

पुढच्या मोठ्या वादळात घर सोडा, असा निरोप दोनदा आला होता. मागच्या वेळी हेच घर टिकलं, असं म्हणून मी बसून राहिलो. या खेपेला वारा खरंच कमी होता. पण समुद्र आत आला. वादळी वारा पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो, आणि तळ उथळ असला की ते वर चढतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं. त्यापुढे माझ्या दाराची काय कथा! मुलीला खांद्यावर घेऊन माळ्यावर चढलो तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. तिचं ते गप्प होणं मी अजून विसरलेलो नाही.

आताच्या बांगलादेशात, १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक अशाच पाण्यानं. ओडिशात १९९९ साली सुमारे १०,००० गेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ धडकलं, तेव्हा जवळपास १० लाख लोकांना आधीच हलवलं होतं, आणि बळींचा आकडा शंभराच्याही आत राहिला.

म्हणून सांगतो, माझं वाचणं पुराव्याला घेऊ नकोस. निरोप आला की उजेड असतानाच निघ. अंधारात, पाण्याखाली रस्ता कुठला नि खड्डा कुठला, कळत नाही. कागदपत्रं, औषधं, पिण्याचं पाणी एका पिशवीत आधीच भरून ठेव. परतल्यावर तुटलेल्या तारेजवळ जाऊ नकोस, ती मेलेली दिसली तरी.

आणि पोचल्यावर मला कळव. कितीही रात्र झाली असली तरी.

तुझा,
आजोबा